घर कुणाचं, किती वाजता?

टाळेबंदीत पाळीव प्राण्यांची चंगळ झाली, असे त्या काळाबद्दल सर्रास बोलले जाते. माणसे दिवसभर घरात, लाड करायला वेळच वेळ. मांजराला आणखी काय हवे? कुत्र्याच्या बाबतीत हे बरेचसे खरे असेल. मांजराच्या बाबतीत मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे मांडण्यासाठी हा संवाद. एका बाजूला ताई : शहरातल्या वन बीएचके फ्लॅटमध्ये नवरा (मनीचे ‘दादा’) आणि दोन मुलांसह राहणारी, मार्च २०२० पासून घरून काम करणारी. दुसऱ्या बाजूला मनी : त्याच घरातली, नसबंदी झालेली, गॅलरीच्या जाळीपलीकडे कधी न गेलेली मांजर. दोघीही कल्पित आहेत. मनीच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळले आहे. माणसाचे रुसवेफुगवे तिला चिकटवायचे नाहीत. मांजरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी जे पाहिले आणि मोजले, त्याला धरूनच तिने बोलायचे. ताईला असे बंधन नाही. ती बोलते ते आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातले आहे.

ताई : मने, तुझी तर त्या दिवसांत सुगीच होती. एरवी सकाळी साडेआठला दाराला कुलूप लागायचं ते संध्याकाळी सातलाच निघायचं. दिवसभर तू एकटी. ऑफिसात बसून मला चुटपुट लागायची. आणि मग एकदम सगळे घरात! कुणी ना कुणी तुला उचलून घेतंय, मुलं दोरी घेऊन खेळवतायत, माझी मीटिंग चालू असताना तू मांडीवर. तुझा एकटेपणा संपला. आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही. ब्रिटनमध्ये २०२० च्या टाळेबंदीत यॉर्क आणि लिंकन विद्यापीठांच्या संशोधकांनी जवळजवळ सहा हजार लोकांना विचारलं. ज्यांच्या घरात प्राणी होता, त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की त्याच्यामुळे मन सावरायला मदत झाली. मांजर असो की कुत्रा, जिव्हाळ्यात फारसा फरक आढळला नाही. आम्हाला तुझी गरज होती आणि आम्ही तुझ्याजवळ होतो. यात बिघडलं कुठे?

मनी : ताई, ती पाहणी खरी आहे, पण तिची प्रश्नावली माणसांनी भरली होती. तुम्हाला बरं वाटलं यावर माझा संशय नाही. पण तुला बरं वाटलं म्हणून मलाही वाटलं असेल, हे त्यातून निघत नाही. तू हे घर भिंतींनी वाटलेलं बघतेस : हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, गॅलरी. माझ्या लेखी ते वेळेनं वाटलेलं आहे. साडेआठला कुलूप लागलं की घर माझं. नऊ ते अकरा हॉलच्या खिडकीत ऊन असतं, तिथे अंग टाकायचं. ऊन सरकलं की सोफ्याची पाठ. दुपारी घरभर एक फेरी, कुठे काय बदललं ते हुंगायचं, दाराच्या चौकटीला आणि खुर्चीच्या पायाला गाल घासून आपला वास पुन्हा लावायचा. मग बेडरूममधल्या कपाटावर, रजयांच्या गठ्ठ्यात झोप. दिवसाचे बारा ते सोळा तास मी झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. माझी खरी जाग पहाटेची आणि दिवेलागणीची, कारण शिकारीची वेळ ती. तुम्ही घरी यायचात तेव्हा मी जागी असायचे, दारापर्यंत यायचे. दिवसाची पाळी माझी, रात्रीची तुमची, आणि मधे भेट. पंचवीस मार्चला कुलूप लागलंच नाही. खिडकीतल्या उन्हात तुझं टेबल आलं, सोफ्यावर दादा फोन घेऊन बसले, आणि पुढे शाळा मोबाइलवर सुरू झाल्यावर बेडरूमचं दारही बंद झालं. घर इंचभरही लहान झालं नव्हतं. माझी पाळी तेवढी गेली.

पाळीची ही कल्पना मनीच्या तोंडी मी उगाच घातलेली नाही. जर्मन प्राणिवर्तनतज्ज्ञ पॉल लायहाउझेन यांनी मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांमध्ये हेच पाहिले होते. त्यांच्या हद्दी एकमेकींवर येतात, जाण्यायेण्याच्या वाटाही त्याच असतात, तरी रोज मारामाऱ्या होत नाहीत. कारण एकाच वाटेवरून त्या वेगवेगळ्या वेळी जातात. समोरून दुसरी येताना दिसली तर थांबायचे, ती गेली की निघायचे. एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याची ही शहाणी सोय आहे. घरमांजरांच्या जनुकांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानटी मांजरापर्यंत नेतो, आणि ते मांजर एकटेच शिकारीला निघते. माणसाची सोबत मांजराला नवी नाही. सायप्रसमध्ये सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. पण कुत्रा माणसाच्या टोळीत सामील झाला, तर मांजर माणसाच्या धान्याकडे येणाऱ्या उंदरांमागे आले. दोघांची कामाची जागा एक, वेळा वेगळ्या. कुत्रे माणसाला धरून असते आणि मांजर घराला, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांचे निरीक्षण बरोबर आहे. त्यात मी एवढीच भर घालीन की मांजर घराला धरून असते, म्हणजे घराच्या वेळापत्रकालाही धरून असते.

ते वेळापत्रक मोडले की काय होते, याचा फार चांगला पुरावा आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ मांजरांची ७७ आठवडे नोंद ठेवली आणि तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतली २० मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याची होती आणि १२ ठणठणीत. खाणे ठरल्या वेळी, सफाई ठरल्या वेळी, सांभाळणारे माणूस तेच, असा दिनक्रम बसवल्यावर आजारी मांजरेसुद्धा सुधारली. उलट सांभाळणारे माणूस बदलले, वेळ चुकली, खेळ बुडाला की ठणठणीत मांजरेही उलट्या करू लागली, खाणे सोडू लागली, ट्रे सोडून बाहेर घाण करू लागली. दिनक्रम बिघडलेल्या आठवड्यांत दुखणेकऱ्यांत आणि निरोगी मांजरांत फरक राहिला नाही. मांजराच्या मनात काय चालते ते आपल्याला कसे कळणार, असा आक्षेप घेणाऱ्यांसाठी हा अभ्यास मोलाचा आहे. इथे मनात शिरावे लागत नाही. ताटलीत उरलेले अन्न आणि कोपऱ्यातली घाण पाहता येते, मोजता येते. टाळेबंदीने तर सगळा दिनक्रम एका रात्रीत मोडला होता.

ताई : पण मांजरं जुळवून घेतात. तूही घेतलंस की! इटलीत मेसिनाला केलेला एक अभ्यास आहे : माणसांबरोबर घरातच राहणारी मांजरं हळूहळू माणसांच्या झोपण्या-उठण्याशी आपला ताल जमवतात. दोन-चार आठवड्यांत तूही रुळली असशील.

मनी : ताल जमवायला समोर ताल लागतो, ताई. आठव जरा. मुलं रात्री दोनला झोपत होती, अकराला उठत होती. जेवण कधी बाराला, कधी तीनला. दादांचे फोन रात्री दहापर्यंत. एरवी पहाटे सहाला तुमच्या गजराबरोबर माझी ताटली भरायची; आता जो उठेल तो भरणार, आणि कधी तिघातिघांनी भरलेली असायची. तुम्हालाच वार कळत नव्हता. आणि आवाज? तुमचा कान वीस हजार हर्ट्झपाशी थांबतो, माझा ऐंशी हजारांच्या पुढे जातो. बावीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. पाच एप्रिलला रात्री नऊला दिवे गेले आणि फटाके फुटले. ते डॉक्टर-नर्सच्या मानासाठी होतं की एकजुटीसाठी, हे मला कळणं शक्य नव्हतं. मी पलंगाखाली गेले, एवढंच. मी रुळले असं तू म्हणतेस, पण मी काय केलं ते बघ : दिवसा कपाटावरून खाली उतरणं सोडलं.

ताई : आणि मग मांजरांना माणसांचा लळा असतो, ते खोटं का? ओरेगॉन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांजरांसमोर चार गोष्टी ठेवल्या : अन्न, खेळणं, वास आणि माणसाची सोबत. निम्म्या मांजरांनी अन्न सोडून माणूस निवडला. २०१९ मध्ये त्यांनी मांजराच्या पिल्लांची, तान्ह्या मुलांची घेतात तशीच चाचणी घेतली, आणि साधारण ६४ टक्के पिल्लांना आपल्या माणसामुळे सुरक्षित वाटतं असं दिसलं. मग माझं जवळ असणं तुला जड कसं होईल?

मनी : लळा आहे, ताई. म्हणून तर बोलते आहे. पण त्या प्रयोगात मांजरानं माणूस निवडला, हे तूच सांगितलंस. चारही गोष्टी समोर होत्या आणि जायचं कुठे ते तिच्यावर सोडलं होतं. त्या दिवसांत मला निवडायला काय होतं? झ्युरिकमध्ये डेनिस टर्नर यांनी वर्षानुवर्षं मांजरं आणि माणसं एकत्र असताना बघितली. त्यांना दिसलं ते असं : गाठभेटीची सुरुवात मांजरानं केली तर ती जास्त वेळ टिकते; माणूस सारखा पुढाकार घेत राहिला तर एकूण सहवास कमी होतो. आणि माझ्या नको म्हणण्याला मान देणाऱ्या माणसाचं मीही जास्त ऐकते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : माणूस अर्ध्या तासानं परत आला त्यापेक्षा चार तासांनी परत आला, तेव्हा मांजर जास्त गुरगुरलं, जास्त आळोखेपिळोखे देत सामोरं आलं. परत येण्यासाठी आधी जावं लागतं. तुम्ही गेलाच नाहीत, तर मी दारापर्यंत कशी येणार?

या ठिकाणी ताईच्या मनाला जे खरोखर लागते त्याकडे वळायला हवे. तिने मांजरावर जबरदस्ती केली नाही. दोन मीटिंगांच्या मधे पाच मिनिटे मिळाली, तिने पाठीवरून हात फिरवला. यात वाईट काय? ते पाच मिनिटांचे दृश्य जवळून पाहू. मांजर सोफ्याच्या पाठीवर पोटाखाली पंजे घेऊन झोपलेले आहे. हात वरून, मागच्या बाजूने येतो. हात टेकताच पाठीची कातडी क्षणभर थरथरते. एक कान बाजूला वळतो, दुसरा किंचित मागे. डोळे उघडत नाहीत, पण शेपटीचे फक्त टोक उजवीकडे-डावीकडे हलू लागते. हात डोक्याकडे जातो, मांजर मान खाली घेते. हात उचलला की ते मान वळवून जिथे हात फिरला नेमका तोच भाग चाटू लागते. माणसाला वाटते, बघा कसे निवांत बसले आहे, उठून गेलेसुद्धा नाही. हे सगळे नकार आहेत आणि ते अतिशय सौम्य आहेत. नख काढण्याच्या फार आधीचे. आणि आता घरातल्या चौघांचा हिशेब एकत्र करा. ताईने दिवसात पाच वेळा हात फिरवला, नवऱ्याने चार वेळा, मुलांनी प्रत्येकी दहा-दहा वेळा उचलले. प्रत्येकाला आपापले थोडेसेच आठवते. चौघांची बेरीज एकट्या मांजराच्या अंगावर होते. टाळेबंदीत घराघरांत हेच घडले असावे असे मला वाटते. त्यात क्रौर्य कुणाचेच नव्हते, म्हणूनच ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

ताई : ठीक आहे. पण मग मलाही काही विचारायचं आहे, आणि ते कडू आहे. त्याच दिवसांत मुंबई-पुण्याहून मजूर पायी गावाकडे निघाले होते. आठ मे २०२० ला औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले सोळा जण मालगाडीखाली गेले. दवाखान्यात खाट मिळत नव्हती. एका खोलीत आठ माणसं कोंडली होती, त्यांनाच पाय पसरायला जागा नव्हती. अशा वेळी मांजराच्या झोपेची काळजी करायची, हे मला शोभतं का?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याचे उत्तर मनीने देऊ नये असे मला वाटते. ते मीच देतो. माणसाचे मरण आधी, यात वाद नाही. ज्या घरात आठ माणसे एका खोलीत होती, त्या घराला मांजराच्या जागेबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल. पण ताईचे घर तसे नव्हते, आणि हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांचेही नसेल. मांजर जे मागत होते त्यातले काहीही कुणा माणसाच्या तोंडून काढून घ्यावे लागत नव्हते. खाट, ऑक्सिजन, धान्य यांत त्याचा वाटा नव्हता. आपण कपाटावर जाऊन बसल्यावर कुणी खाली काढू नये, एवढीच त्याची मागणी होती. माणूस संकटात असताना प्राण्याचा प्रश्न फालतू ठरत नाही, हे आपल्या न्यायालयानेही त्याच महिन्यांत दाखवले. एप्रिल २०२० मध्ये कोचीतला एक गृहस्थ केरळ उच्च न्यायालयात गेला : घरात तीन मांजरे, घरी मांसाहार शिजत नाही, आणि त्यांचे खाणे आणायला बाहेर पडण्याचा पास पोलीस देत नाहीत. न्यायालयाने हे हसण्यावारी नेले नाही. प्राणी पाळण्याच्या त्याच्या निवडीचा संबंध घटनेच्या २१व्या कलमाशी जोडून त्याला जायची मुभा दिली. देश थांबलेला असताना तीन मांजरांच्या खाण्याचा विचार झाला आणि त्याने कुणाचेही नुकसान झाले नाही.

साथीच्या आजाराची बाजूही मांजराच्या नजरेतून पाहण्यासारखी आहे. मार्च २०२० मध्ये बेल्जियममध्ये आणि हाँगकाँगमध्ये मांजरांना लागण झाल्याची बातमी आली आणि लोक घाबरले. प्रत्यक्षात लागण बहुतेक वेळा उलट दिशेने, माणसाकडून मांजराकडे जात होती. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठाने कोविड झालेल्या माणसांच्या घरातली मांजरे तपासली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश मांजरांत प्रतिपिंडे सापडली. मालकाच्या अंथरुणात झोपणाऱ्यांत धोका अधिक दिसला. मांजराकडून माणसाला लागण झाल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे; थायलंडमध्ये २०२१ साली तपासणी चालू असताना मांजर तोंडावर शिंकले आणि पशुवैद्य डॉक्टरला लागण झाली, ती नोंद म्हणूनच एवढी गाजली. म्हणजे ज्या जवळिकीला आपण मांजराचे भाग्य म्हणत होतो, तीच त्याच्यासाठी आजाराची वाट होती.

ताई : मग मी करायचं काय होतं? तुला एकटीला खोलीत बंद करून ठेवायचं?

मनी : बंद करायचं नव्हतं, ताई. दार उघडंच ठेवायचं होतं, माझ्या बाजूनं. उट्रेख्तला २०१४ मध्ये प्राणी-निवाऱ्यात नव्यानं आलेल्या काही मांजरांना लपायला एकेक खोका दिला, काहींना दिला नाही. खोकावाल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच उतरला. तुझ्या घरात ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके किती आले त्या वर्षी! एक उलटा ठेवला असतास, भोक पाडून. ताटलीची वेळ सहाचीच ठेवली असतीस, तुम्ही झोपलेले असलात तरी. आणि हात फिरवावासा वाटला तर दुरून विचारायचं. त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी छापलं की माणसानं मांजराकडे बघून सावकाश डोळे मिटले-उघडले, तर मांजर तसंच उत्तर देतं, आणि अनोळखी माणसाकडेही जास्त येतं. तेवढं केलं असतंस तर मी आले असते. रोज नाही, पण आले असते.

मांजराला सोबत नको, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ घेऊ नये. तसे असते तर एप्रिल २०२२ मध्ये गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले आणि माणसे पुन्हा कामावर जाऊ लागली, तेव्हा सगळे आपोआप सुरळीत झाले असते. ओहायोच्या नोंदी पाहता तसे मानायला आधार नाही. दोन वर्षे भरलेले घर एका सोमवारी रिकामे होणे हाही मोडलेला दिनक्रमच आहे. मांजराला त्रास देतो तो अचानकपणा आणि निवडीचा अभाव. माणसे घरात किती आहेत हे दुय्यम आहे. टाळेबंदीने माणसांचे तास वाढवले आणि मांजराची निवड कमी केली, म्हणून ती चंगळ नव्हती, असे माझे मत आहे.

हा प्रश्न २०२० बरोबर संपलेला नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम आता अनेक घरांत कायमचे झाले आहे, आणि टाळेबंदीत हौसेने आणलेली कितीतरी मांजरे आज मोठी होऊन त्याच फ्लॅटमध्ये राहत आहेत. आपल्या घरात मांजर असेल तर त्याच्या खाण्याची वेळ आपल्या कामाच्या दिवसांवर अवलंबून ठेवू नका. कपाटाचा माथा मोकळा ठेवा आणि तिथे चढून बसलेल्या मांजराला मुलांनी हात लावायचा नाही, एवढा नियम घरात करा. ऑफिसच्या वेळा बदलणार असतील तर बदल आठवडाभर आधीपासून थोडाथोडा सुरू करा. मांजर ट्रेबाहेर घाण करू लागले, खाणे सोडले, तर त्याला रागावू नका. आधी पशुवैद्याकडे न्या आणि गेल्या पंधरा दिवसांत घरात काय बदलले ते त्यांना सांगा. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. लघवी तुंबलेला बोका दोन दिवसांतसुद्धा दगावू शकतो.